साथीच्या गजाची तालीम

जपानचा तरुण चेलोवादक हारुमा सातो २०१९ साली म्युनिकच्या एआरडी स्पर्धेत पहिला आला आणि नावारूपाला आला. डी. के. दातारांची वाट निराळी. ते द. वि. पलुस्करांच्या साथीला व्हायोलिन घेऊन बसत. १९५५ मध्ये पलुस्कर गेले, तेव्हा दातार अवघ्या तेविशीत होते. पुढे त्यांचे स्वतंत्र वादन गाजले. इथे केळापुरात त्यांची ध्वनिमुद्रणे ऐकताना मला त्यात ती साथ ऐकू येते : गायकाने दम घ्यावा तसा गज थांबतो, मींड शब्दासारखी उच्चारली जाते. गळ्याशी राखलेल्या या इमानापायी व्हायोलिनचे काही स्वतःचे रंग मात्र दबले, असेही वाटते. तरीही साथीचा काळ दुय्यम धरला, तर या वादनाचा पायाच समीक्षेच्या हिशेबातून सुटतो.