तीनशे चव्वेचाळीस जणांचं एक पाऊल

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात ब्रूनो नावाचं एक खेडं आहे. चेक स्थलांतरितांनी वसवलेलं, वस्ती जेमतेम शे-दीडशेची. ३० जुलै १९८८ रोजी या गावात ३४४ माणसांनी शेतावरचं एक आख्खं लाकडी कोठार हातांनी उचललं, चढावरून शंभर फुटांहून अधिक अंतर चालत नेलं आणि नव्या पायावर ठेवलं. क्रेन नव्हती, ट्रॅक्टर नव्हता, खाली चाकं किंवा रूळही नव्हते. या प्रसंगाचं चित्रीकरण झालेलं आहे. काही मिनिटांचाच ऐवज, पण श्रमाच्या सौंदर्याचा इतका निखळ नमुना क्वचित पाहायला मिळतो. तो नीट पाहावा, तुकड्या-तुकड्याने पाहावा, अशा योग्यतेचा आहे.

कोठार हर्मन ऑस्ट्री या शेतकऱ्याचं. ते ओढ्याजवळच्या सखल जागेत होतं आणि ओढा फुगला की पाणी आत शिरायचं. घरं-इमारती हलवणाऱ्या व्यावसायिकांचा खर्च परवडणारा नव्हता. तेव्हा घरच्या बोलण्यात हर्मन गमतीने म्हणून गेला, की पुरेशी माणसं मिळाली तर उचलूनच नेता येईल. घरोघरी असं काहीबाही बोललं जातं आणि तिथेच विरून जातं. इथे मात्र माइक या त्याच्या मुलाने ते वाक्य उचलून धरलं. त्याने कागद घेतला आणि हिशोब मांडला.

या प्रसंगाची खरी सुरुवात मला त्या हिशोबात दिसते. माइकने कोठाराच्या फळ्या मोजल्या, वासे आणि खांब मोजले, खिळ्यांचंही वजन धरलं. पुढे बसवायच्या पोलादी सांगाड्यासह एकूण भार नऊ टनांच्या घरात गेला. नऊ टन म्हटलं की छाती दडपते. त्याला साडेतीनशेने भागलं की माणशी पंचवीस किलोंच्या आसपास येतात. म्हणजे सिमेंटचं अर्धं पोतं. अशक्य वाटणारी गोष्ट एका भागाकाराने शक्यतेच्या कक्षेत आली. हा भागाकार करताना माइकने भाजकाच्या जागी माणूस ठेवला, साधा, धडधाकट, शेजारचा माणूस. पहिलवान शोधायची गरजच त्याने ठेवली नाही.

पण भागाकार कागदावर जमला तरी भिंतीला धरायचं कुठे? भिंत सपाट असते, बोटं रुतवायला तिला जागा नसते. शिवाय लाकडी बांधकाम उभं असतं ते जमिनीच्या भरवशावर. चारी बाजूंनी सारखा आधार असतो तोवर सांधे शाबूत राहतात. एक कोपरा आधी उचलला गेला तर चौकट पिळवटते, खिळे सैल होतात, दाराची मोकळी जागा तिरकी होते. याला उत्तर म्हणून माइकने पोलादी नळ्यांची एक जाळी तयार केली. ती कोठाराला बाहेरून आणि आतूनही खिळे, बोल्ट आणि वेल्डिंगने जखडली आणि तिला हातांसाठी मुठी दिल्या. या जाळीने दोन कामं एकदम साधली. खिळखिळं होऊ शकणारं बांधकाम एकसंध झालं, आणि नऊ टनांचे ३४४ वाटे करून ते ज्याच्या त्याच्या हातात देता आले. माझ्या मते या संपूर्ण कृतीतली प्रतिभा या जाळीत आहे. माणसांची ताकद गावोगाव असतेच, तिला धरायला जागा करून देणारा विरळा.

आता प्रत्यक्ष उचलण्याकडे पाहू. गावाच्या शताब्दीचं निमित्त होतं, बघायला सुमारे चार हजार लोक जमले होते. भिंतींना लागून माणसं ओळीने उभी आहेत, खांद्याला खांदा लावून. बाहेरची माणसं आपल्याला दिसतात, आतली दिसत नाहीत. त्या आतल्यांचा विचार केला की या दृश्याची खोली कळते. त्यांच्यापुढे लाकडी भिंत, डोक्यावर छप्पर. वाट दिसत नाही, मुक्काम दिसत नाही. मुठीतल्या नळीची ओढ जाणवेल तसं पाऊल टाकायचं, इतकंच त्यांच्या हाती. बाहेरचे आणि आतले यांच्यामध्ये भिंत आहे आणि दोघांना जोडणारी वस्तूही तीच आहे.

उचलण्याचा क्षण विलक्षण आहे. एवढा भार हळूहळू, एकेकाने उचलता येत नाही. सगळ्यांचे गुडघे एका दमात सरळ व्हावे लागतात. कुणी घाई केली तर त्याच्यावर दुप्पट ओझं येतं, कुणी रेंगाळला तर शेजाऱ्यावर येतं. इथे ते अचूक जमलं आणि कोठार जमिनीवरून सुटलं. जमावातून जल्लोष उठतो, तो योग्य जागी उठतो, कारण अवघड भाग तोच असतो. पुढची वाटचाल तीनेक मिनिटांची. म्हणजे मिनिटाला साधारण चाळीस फूट, रिकाम्या हातांनी चालणाऱ्या माणसाच्या मानाने फारच सावकाश. पण ही संथ गती दुबळेपणाची नाही. ३४४ जणांचं मिळून एकच पाऊल पडायचं असेल तर ते लहानच पडावं लागतं. नवी जागा सहा फूट उंचावर होती, त्यामुळे प्रत्येक पावलागणिक नऊ टन थोडे थोडे वरही चढत होते. इतक्या लोकांत लांब ढांगा टाकणारे असतील, उंच-बुटके असतील, तरणे आणि उतारवयाकडे झुकलेले असतील. त्या सगळ्यांनी आपापली चाल बाजूला ठेवून मधली एक चाल पत्करली.

इमारत सरकवण्याचे याहून कितीतरी मोठे पराक्रम झालेले आहेत. १९३० साली इंडियानापोलिस शहरात टेलिफोन कंपनीची आठ मजली इमारत, सुमारे अकरा हजार टनांची, जॅक आणि रोलर्स वापरून नव्वद अंशांनी वळवली. महिनाभर काम चाललं आणि आतलं टेलिफोनचं कामकाज त्या काळातही सुरू राहिलं. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती कामगिरी थोर आहेच. पण तिची सगळी खुबी अशी, की आतल्या माणसाला हालचाल जाणवू नये. ब्रूनोमध्ये उलट आहे. तिथे वजन सगळ्यांना जाणवलं. प्रत्येकाला आपला वाटा तळहातावर कळला आणि म्हणून कोठार पोहोचल्याचा आनंदही प्रत्येकाचा स्वतःचा झाला. शेजाऱ्याच्या शेतावर मिळून राबायला, म्हणजे इर्जिकीला, गेलेल्या कुणालाही हा आनंद वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

परसातली छोटी खोपी किंवा पत्र्याची शेड हलवणाऱ्यालाही यातून घेण्यासारखं बरंच आहे. आधी सामान बाहेर काढून वजन कमी करायचं. मग काय किती जड आहे ते कागदावर मांडायचं. चौकटीला आडवे-तिरपे आधार ठोकून ती पिळवटणार नाही असं करायचं. नवी जागा समपातळीत करून, पाया घालून तयार ठेवायची. धरायला मजबूत जागा करायच्या आणि मगच माणसांना हाक मारायची. या क्रमातच ब्रूनोचं शहाणपण आहे. लोक एकत्र आले की काहीही करू शकतात, हे आपण भाषणांतून पुष्कळ ऐकतो. ब्रूनोच्या शेतकऱ्याचा मुलगा त्या भाषणांच्या पुढे जातो. लोकांना बोलावण्याआधी प्रत्येकाच्या वाट्याला किती येणार हे काढून ठेवावं आणि त्याचा हात नेमका कुठे लागणार तेही ठरवून ठेवावं, ही बोलावणाऱ्याची जबाबदारी असते. ती त्याने फळी-फळी मोजून पार पाडली आणि लोकांनी त्याचा हिशोब खरा करून दाखवला.