वीस गुण मोजतात काय?

मंडळी, दहावीच्या शंभरपैकी ऐंशी गुणांवर आपण भरपूर बोलतो. आज बोलायचंय उरलेल्या वीसांवर, शाळेच्या हातातल्या अंतर्गत गुणांवर.

आधी थोडा हिशोब. २०१८ साली राज्य मंडळाचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण बंद झाले, अभ्यासक्रमही नवा होता; निकाल आला ७७.१० टक्के. ओरड झाली. सीबीएसईच्या मुलांना शाळेकडचे गुण मिळतात, मग अकरावीच्या प्रवेशात आमची मुलं मागे पडणार, ही तक्रार काही खोटी नव्हती. गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हेही लक्षात ठेवू.

वाद झाला तो गुण द्यायचे की काढायचे यावर. ते मोजतात काय, हा प्रश्न मागेच राहिला.

आता बघा, कितीतरी शाळांत सरसकट अठरा-एकोणीस मिळतात. मुलांनाही ते ठाऊक असतं. लेखीत सोळा-सतरा पडले तरी पस्तीस गाठता येतात. याला आपण दया म्हणतो. पण ज्या मुलाला परिच्छेद वाचून समजत नाही, त्याला ते कुणी सांगितलंच नाही. तो अकरावीत जातो आणि तिथे अडतो.

जिथे गुणांत फरक केला जातो, तिथे तो कशावरून? वही नीटनेटकी आहे का, प्रकल्प देखणा आहे का, हजेरी किती. प्रकल्प तर स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या मुलीचे हजेरीवरून गुण कापले, तर आपण तिचं मराठी मोजलं की आईबापांचं काम? घरी पावरी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाचे तोंडी परीक्षेत ‘ण’ आणि ‘न’साठी गुण गेले, तर त्याचा विचार मोजला गेला का?

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. गुण कशाला मिळणार, हे मुलांना आधी सांगावं. शिकण्याचे गुण वेगळे, शिस्तीची आणि हजेरीची नोंद वेगळी. आणि जूनमध्ये न आलेलं जानेवारीत आलं, तर जानेवारीचं धरावं. सरासरी काढून जूनची शिक्षा चालू ठेवू नये.

शिक्षक म्हणतील, साठ मुलांच्या वर्गात हे कधी करायचं? हरकत रास्त आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचं काय झालं, आपण पाहिलंय. कल्पना चांगली, पण वेळ दिला नाही. शेवटी वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या फिरू लागल्या आणि त्याच ओळी मुलामुलांच्या नावापुढे उतरल्या. तेव्हा दहा उपक्रम नकोत. दोनच घ्या, पण मुलाशी बोलून तपासा.

सगळ्यांना सारखेच गुण वाटले म्हणजे न्याय झाला, असं नाही. तुला काय येतं आणि काय अजून यायचंय, हे प्रत्येक मुलाला खरं आणि वेळेत कळणं, हा त्याचा हक्क आहे. वीस गुण तेवढं सांगू शकले, तर ते ठेवावेत. नाहीतर २०१९ सारखाच वाद आपण पुन्हा घालू, आणि पुन्हा आकड्यांवरच.