सिस्टर राणी मारिया यांचे मरण आणि त्याचे कथन

इ. स. १९९५ च्या २५ फेब्रुवारीस उदयनगरहून इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये सिस्टर राणी मारिया वट्टालिल या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या धर्मभगिनींचा प्रवाशांदेखत सुऱ्याचे वार करून खून झाला. त्यांच्या देहावर लहानमोठ्या चोपन्न जखमा होत्या. उदयनगर हे देवास जिल्ह्यातील बागलीच्या मुलखातले गाव. माळव्याचे पठार जेथे संपते व घाट नर्मदेकडे उतरू लागतो, त्या टापूत भिलाला, बारेला, कोरकू यांची वस्ती आहे. देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीमुळे मराठी वाचकाला हा जिल्हा परका वाटू नये. परंतु आपली ओळख पवारांच्या राजवाड्यापाशी थांबते, घाटाखालच्या पाड्यांपर्यंत ती क्वचितच गेली आहे.

खुनाचा न्याय न्यायालयात झाला. येथे विचार करावयाचा आहे तो त्या खुनाच्या कथनाचा. कारण गेल्या तीन दशकांत हे कथन वृत्तपत्रांनी, मंडळीने व चित्रपटांनी वारंवार केले, आणि प्रत्येक वेळी त्यातून एकच गोष्ट गळत गेली असे प्रस्तुत लेखकास वाटते. ती गोष्ट म्हणजे सावकाराची वही.

सिस्टर राणी मारिया यांचा जन्म २९ जानेवारी १९५४ रोजी केरळातील पुल्लुवळी येथे झाला. बिजनोर व ओडगडी येथील सेवेनंतर १९९२ साली त्या उदयनगरला आल्या. तेथे त्यांनी जे काम केले त्यात चमत्कारिक असे काहीही नव्हते. गरीब आदिवासींना सरकारी योजना समजावून सांगणे, बँकेचे कर्ज कसे मिळते ते दाखवणे, गटाने एकत्र येऊन बचत करावयास शिकवणे, असे ते काम होते. पण ज्याने कोरडवाहू शेतीची सावकारी जवळून पाहिली आहे त्याला या साध्या कामाचा अर्थ कळेल. बियाणे सावकाराकडून, मृगाच्या तोंडी लागणारे धान्य सावकाराकडून, आणि खळ्यावर माल आला की मोजणाराही सावकारच. वहीत काय लिहिले हे कर्जदाराला वाचता येत नाही. हा फेरा चालू राहतो तो कर्जदाराला दुसरे दार ठाऊक नसते म्हणून. बँकेचे दार दाखवणारी बाई त्यामुळे कोणत्याही क्रांतिकारकाइतकीच धोक्याची ठरते. मध्य प्रदेशच्या भू-राजस्व संहितेत १९८० साली कलम १७०-ब घालण्यात आले. फसवणुकीने गेलेली आदिवासींची जमीन परत मिळवून देण्याची त्यात तरतूद आहे. मात्र असा कायदा आहे, हे ज्याची जमीन गेली त्याला कोणीतरी सांगावे लागते.

येथेच स्त्रियांचा प्रश्न येतो. १९५६ चा हिंदू वारसा कायदा त्यातील कलम २ च्या दुसऱ्या पोटकलमाने अनुसूचित जमातींना वगळतो; आदिवासी स्त्रीचा वारसाहक्क रूढीवर सोपवलेला राहतो. जमीन पुरुषाच्या नावे, कर्जही त्याच्याच नावे. पण ते कर्ज फेडणाऱ्या मजुरीत बाईचे हात असतातच. सावकाराच्या वहीत तिचे नाव नसते. ज्या सभेत बचतीचा हिशेब बोलला जातो तेथे ती बसू लागली की वही प्रथमच तिच्यापुढे उघडते. पंचायतींत स्त्रियांना एकतृतीयांश जागा देणाऱ्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनुसार मध्य प्रदेशात १९९४ साली निवडणुका झाल्या. सिस्टरांचे उदयनगरचे दिवस याच काळातले. गावातील सत्ता हलू लागली होती.

अशा घटनेची बातमी लिहिताना वृत्तपत्राच्या हाताशी एक तयार साचा असतो: धर्मांतराचा वाद. मध्य प्रदेशात हा साचा जुना आहे. न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने १९५६ साली नागपुरात अहवाल दिला, १९६८ साली धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला, १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला, आणि २०२१ साली त्याच्या जागी अधिक कडक कायदा आला. त्यामुळे ख्रिस्ती माणूस विहीर खणो वा व्याजाचा हिशेब शिकवो, ‘यामागे काय आहे?’ हा प्रश्न आधी येतो व विहीर नंतर. मराठी वाचकाने हे अगदी घरात पाहिले आहे. १८९३ साली ‘केसरी’ने पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर टीकेची झोड उठवली आणि रानडे, भांडारकर प्रभृतींनी सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. रमाबाईंनी मुलींना आपल्या प्रार्थनेस येऊ देणे योग्य होते काय, हा प्रश्न विचारण्याजोगा होता यात शंका नाही. पण त्या गदारोळात विधवांच्या मुंडणाची, उपासमारीची व परावलंबनाची चर्चा मागे पडली ती पडलीच. पक्षपात नेहमी खोटे लिहूनच होतो असे नाही. कोणता प्रश्न पहिल्या पानावर घ्यावयाचा एवढे ठरवले तरी पुरते.

आता आपल्याकडे वळू. मंडळीने ही कथा क्षमेची कथा म्हणून सांगितली. सिस्टरांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल यांनी २००२ साली तुरुंगात जाऊन मारेकरी समंदर सिंह याला राखी बांधली. आईनेही त्याला क्षमा केली. कुटुंबाच्या विनंतीचा त्याच्या सुटकेस हातभार लागून २००६ साली तो बाहेर आला. हे थोर आहे, आणि त्याची टर उडवणारा हा लेख नाही. परंतु कथेतील कामाची वाटणी पाहा. पुरुषांनी मारले, स्त्रियांनी क्षमा केली. आपल्याला जमीनदारांनी भरीस घातले असे मारेकरी स्वतः सांगत आला आहे, पण कथेत ते लोक सावलीसारखे येतात व जातात. त्यांनी क्षमा मागितली काय? व्याज परत केले काय? जक्कयाने चौपट परत करण्याची तयारी दाखवली होती हे आपण रविवारच्या शाळेतल्या मुलांना शिकवतो. बागलीच्या कथेत मात्र परतफेडीवाचूनच भरतवाक्य येते.

२०१७ च्या मार्चमध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांचे रक्तसाक्षित्व मान्य केले व ४ नोव्हेंबर रोजी इंदूर येथे त्यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले. त्यासाठी मरण ‘इन ओडियम फिडेई’, म्हणजे श्रद्धेच्या द्वेषापोटी, आलेले असावे लागते. येथे ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्याने थबकावे. खून श्रद्धेच्या द्वेषाने झाला असे आपण नुसते म्हणून थांबलो, तर वाद धर्माचा होता असे म्हणणाऱ्यांशी आपण नकळत सहमत होतो. नाबोथाची गोष्ट आठवा. आरोप देवनिंदेचा होता, साक्षीदार दोन होते, पत्रांवर राजाची मोहोर होती, उपासाचा दिवसही ठरला होता. हवा होता तो द्राक्षमळा. एलीया अहाबाला विचारतो ते खुनाबद्दल व मळ्याबद्दल. देवनिंदेच्या खोट्या खटल्यात तो शिरतच नाही. आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना १९८० साली एल साल्वादोरमध्ये ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनीच मारले, तरी २०१५ साली त्यांचे मरण याच शब्दांत रक्तसाक्षित्व मानले गेले. म्हणजे न्यायाचा द्वेष हाही श्रद्धेचाच द्वेष, हा अर्थ रोमने स्वीकारलेला आहे. मग उदयनगरबाबत तो स्पष्ट बोलावयास आपण का कचरतो?

चित्रपट दोन आहेत. कॅथरिन मॅकगिल्व्रे यांचा ‘द हार्ट ऑफ ए मर्डरर’ हा २०१३ चा माहितीपट नावापासूनच मारेकऱ्याचे हृदय केंद्रस्थानी ठेवतो. एका खुन्याचा पालट हा कलेला मोह पाडणारा विषय आहे हे मान्य. पण ज्या बाईचा जीव गेला ती अशाने दुसऱ्याच्या तारणाचे साधन होऊन बसते. शैसन पी. ऊसेफ यांच्या २०२३ च्या ‘द फेस ऑफ द फेसलेस’ मध्ये विन्सी अलोशियस यांनी राणी मारियांची भूमिका केली. तो सिस्टरांनाच मध्यभागी आणतो, हे त्याचे श्रेय. तरीही शीर्षक खटकते. चेहरा नसलेले कोण? बारेला बायांना चेहरा होता, नावे होती, गाणी होती. त्यांच्याकडे कोणी पाहिले नव्हते एवढेच. बाहेरून आलेल्या बाईने त्यांना चेहरा दिला असे म्हणणे ही सेवेच्या भाषेतली जुनी खोड आहे. आपली मिशनची अहवालपत्रेही तिच्यापासून मुक्त नाहीत.

नहेम्याच्या पाचव्या अध्यायात कर्जाविरुद्ध ओरड उठते तेव्हा लोकांबरोबर त्यांच्या बायकांचाही उल्लेख आहे, आणि तेथे शेते, मळे, घरे, गहाण पडलेल्या मुली व शेकडा एक या दराचे व्याज यांची रोखठोक मोजदाद आहे. उदयनगरच्या कथेत ही मोजदाद अजून कोणी घातलेली नाही. १९९५ साली तिशीत असलेल्या तेथील बाया आज साठीच्या घरात आहेत. सिस्टरांच्या सभेत त्या कशा येऊन बसल्या, घरच्यांनी त्यांना काय म्हटले, बँकेतून आलेला पहिला पैसा कशाला लागला, खुनानंतर पुन्हा कोणाच्या दाराशी जावे लागले, हे त्यांना त्यांच्याच बोलीत विचारून लिहून घेणारा एखादा विद्यार्थी आपल्या वर्गांतून निघाला, तर त्याला पदवीच्या प्रबंधासाठी दुसरा विषय शोधावा लागणार नाही.