आर्य मदिरा मंडळ आणि मंगळवारची मीटिंग

‘एकच प्याला’ मी कॉलेजात पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते विनोदी नाटक वाटलं होतं. खरं तर तळीरामाचे प्रवेश तेवढे वाचले होते. हॉस्टेलवरच्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव ‘आर्य मदिरा मंडळ’ होतं. (या नावाचे महाराष्ट्रात किती ग्रुप असतील कोण जाणे.) दुसऱ्यांदा वाचलं ते दारू सोडून चार महिने झाल्यावर. तळीरामाला हसू तेव्हाही आलं, पण मध्येच अडकलं.

राम गणेश गडकरी जानेवारी १९१९मध्ये गेले. त्यानंतर गंधर्व नाटक मंडळीनं हे नाटक रंगभूमीवर आणलं, बालगंधर्व सिंधू आणि गणपतराव बोडस सुधाकर. तेव्हापासून त्याला दारूच्या दुष्परिणामांचं नाटक म्हणतात. हे म्हणणं मला अपुरं वाटतं. दुष्परिणाम कुणालाही माहीत असतात, पिणाऱ्याला तर सगळ्यात जास्त. गडकऱ्यांना त्याहून अवघड गोष्ट कळली होती: पिणाऱ्याला सोबत लागते.

नाटकात सुधाकरला ‘सोड’ म्हणणारे कोण आहेत ते बघा. रामलाल, पद्माकर, सिंधू. सगळे त्याच्यावर जीव टाकणारे, आणि सगळे दारूबाहेरचे. याउलट मंडळात त्याला कुणी काही विचारत नाही. सनद गेलेला वकील तिथे वकीलच असतो. मंडळाचे प्रवेश ‘कॉमिक रिलीफ’ म्हणून बाजूला काढणाऱ्यांनी हे पाहिलेलं नाही, असं मला वाटतं. सुधाकरला आदर मिळण्याची ती एकच जागा उरलेली असते, आणि तीच त्याला बुडवते.

मला दुसरी जागा सापडली ती अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची. हेल्पलाइनचा नंबर मोबाइलमध्ये तीन आठवडे पडून होता. शेवटी लावला तर पलीकडून उपदेश येईल असं वाटलं होतं. त्या माणसानं एवढंच विचारलं, ‘‘आज घेतलीय का?’’ मग म्हणाला, ‘‘मीपण पिणाराच. मंगळवारी ये.’’ एका शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, त्यात गुडघे न मावणारी मोठी माणसं, गोडमिट्ट चहा. फी नाही, फक्त शेवटी एक पिशवी फिरते. दोनदा मी दारातूनच परत गेलो. तिसऱ्यांदा एका काकांनी चहाचा कप हातात ठेवला, मग पळता येईना. तिथं ऐकलेलं तिथंच ठेवायचं असतं, त्यामुळे इतरांचं काही सांगत नाही.

ही संस्था सुरू झाली तीच अशा गरजेतून. १९३५मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात बिल विल्सनचा धंद्यातला सौदा फसला. काही महिने तो प्यायला नव्हता आणि हॉटेलच्या लॉबीत त्याला बार खुणावू लागला. तेव्हा त्यानं फोन फिरवले ते दुसरा दारुडा शोधायला, स्वतःला वाचवण्यासाठी. त्यातून त्याला डॉ. बॉब स्मिथ हा पिणारा सर्जन भेटला. बाकी बारा पायऱ्या वगैरे नंतर. (त्यांतला ‘परमेश्वर’ मला अजून पचलेला नाही. कुणी बळजबरी करत नाही.)

आता नाटकाकडे. सुधाकर एकदा दारू सोडतो. कायमची, शपथेवर. मग काम मागायला जातो, ओळखीची माणसं त्याला झिडकारतात, आणि तो परत पितो. पूर्वी मला हा भाग नाट्यमय योगायोग वाटायचा. आता तो नाटकातला सगळ्यात अचूक भाग वाटतो. आमच्याकडे जन्माची शपथ घेऊच देत नाहीत. आजचा दिवस, बस. आणि ‘एकच’ हा शब्द? पहिला ग्लास टाळायचा, दहाव्याची चिंता नको, हे मी त्या वर्गात ऐकलं. गडकऱ्यांनी ते थेट नाटकाच्या नावात घातलं होतं.

मग तक्रार कुठे आहे? भगीरथापाशी. भगीरथ हा मंडळातलाच तरुण, प्रेमभंगानं पिऊ लागलेला, आणि रामलालच्या नादानं सुटलेला. म्हणजे सुटलेला दारुडा गडकऱ्यांच्या हाताशी होता! पण ते त्याची वाट शरद-रामलालच्या उपकथानकाकडे वळवतात, आणि सुधाकरशेजारी उरतात पुन्हा सज्जन माणसंच. प्यायलेल्याला कुणी बाहेर काढू शकत नाही, असं सुधाकर रामलालला लांबलचक समजावतो. रामलालपुरतं ते खरंही आहे. तो बिचारा कधी प्यायलेलाच नाही. १९१९च्या नाटककाराकडून १९३५ची अपेक्षा करणं अन्याय आहे, ठाऊक आहे. तरी भगीरथाचा राग येतोच.

सिंधूबद्दल लिहिताना जपायला हवं. मरताना ती फौजदाराशी खोटं बोलते, नवऱ्याला वाचवायला. प्रेक्षागृह शंभर वर्षं इथे रडतंय. मी वाचताना पुस्तक मिटलं, कारण माझी आई दोन वर्षं माझ्या ऑफिसला फोन करून सांगत होती, ‘‘त्याला ताप आहे हो.’’ तिच्या प्रत्येक तापानं मला आणखी एक सोमवार मिळाला. गडकरी सिंधूचं खोटं पूजेला लावतात, आणि इथे मी त्यांच्यासोबत जाऊ शकत नाही. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचे वेगळे गट असतात. गेल्या महिन्यात आई एकदा जाऊन आली. काय झालं विचारलं तर म्हणाली, ‘‘तुला कशाला सांगू? तिथलं तिथंच ठेवायचं असतं.’’