साक्षीची विश्वासार्हता आणि स्त्रीचे पूर्वायुष्य : मथुरा प्रकरणातील निकालपत्रांची समीक्षा

प्रस्तावना :
बलात्काराच्या खटल्यात पीडित स्त्रीची साक्ष हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा पुरावा असतो. ती कसोशीने तपासण्याचा आरोपीचा हक्क निर्विवाद आहे. प्रश्न एवढाच, की तपासायचे काय? तिने सांगितलेली घटना, की तिचे पूर्वायुष्य? विदर्भातील मथुरा प्रकरणाच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

तीन न्यायालये, तीन वाचने :
२६ मार्च १९७२ च्या रात्री तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात ही घटना घडली. मथुरा ही आईवडिलांविना वाढलेली, मोलमजुरी करणारी मुलगी होती. वैद्यकीय तपासणीत तिचे वय १४ ते १६ वर्षे आढळले. एका तरुणाशी तिचे संबंध होते. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये तिला खोटारडी ठरविले. शरीरसंबंधांची सवय असलेल्या या मुलीने त्या तरुणासमोर सच्छील दिसावे म्हणून आरोप केला, असा तर्क मांडला. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरविला. भीतीपोटी पत्करलेली शरणागती म्हणजे संमती नव्हे, हा भेद त्याने स्पष्ट केला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अंगावर जखमा नाहीत हे प्रमुख कारण देत, दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले.

विवेचन :
मथुरेच्या साक्षीत विसंगती होती, हे मान्य केले पाहिजे. फिर्यादीत एका पोलिसाकडे बोट दाखवून सांगितलेली काही कृत्ये तिने न्यायालयात दुसऱ्याच्या नावे सांगितली. अशा विसंगतीची छाननी योग्यच होय. परंतु पूर्वीचे संबंध ही विसंगती नव्हे. त्यांवरून त्या रात्री काय घडले, हे कळत नाही. सत्र न्यायालयाने मात्र त्यांतूनच खोटे बोलण्याचा हेतू शोधला. अशा तर्कापुढे स्त्रीला सुटका नसते; तिचे पूर्वायुष्य जितके खडतर, तितका तिचा शब्द हलका. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात वेगळीच उणीव दिसते. रात्रीची वेळ, पोलीस ठाणे, गरीब अल्पवयीन मुलगी आणि वर्दीतील पुरुष ही परिस्थिती तेथे तोलली गेली नाही. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार व रघुनाथ केळकर यांनी १९७९ च्या खुल्या पत्रात नेमके यावर बोट ठेवले.

नंतरचे बदल :
१९८३ च्या दुरुस्तीने पोलीस कोठडीतील बलात्काराबाबत, शरीरसंबंध सिद्ध झाल्यास व स्त्रीने संमती नाकारल्यास, संमती नव्हती असे गृहीत धरण्याची तरतूद झाली. स्त्रीच्या 'अनैतिक चारित्र्या'वरून साक्ष खोडण्याची मुभा २००२ च्या दुरुस्तीने रद्द झाली. तरीही वैद्यकीय अहवालांतून पूर्वायुष्य डोकावत राहिले. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासण्यांतील दोष अहवालाद्वारे मांडले. त्या आधारे २०१० मध्ये नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका दाखल झाली. 'दोन बोटांची चाचणी' सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरविली आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्यांना गैरवर्तनाबद्दल दोषी धरण्याचा इशारा दिला.

निष्कर्ष :
प्रत्येक आरोप खरा मानावा, असे येथे सुचवावयाचे नाही. शब्द घटनेशी ताडून पाहावा, जीवनक्रमाशी नव्हे, एवढेच प्रतिपादन आहे. कायद्याने हा भेद आता स्वीकारला आहे. तो ठाणे, रुग्णालय आणि न्यायकक्षातील उलटतपासणीत पाळला जातो किंवा नाही, यावर पुढच्या मथुरेचा न्याय अवलंबून राहील.