कोणापैकी म्हणायचे आपण?

नुसते ‘सुरेश’ सांगून मराठी मुलखात भागत नाही. कोण सुरेश? आडनाव कळले की गाव कळते, आणि गाव कळले की निदान एक तरी समाईक मेव्हणा सापडतो.

कॉम्प्युटरमधल्या फायलीलाही असे आडनाव असते. नावापुढे टिंब, टिंबापुढे दोन-चार अक्षरे. १९८१ साली डॉस आले, तेव्हा नावाला आठ आणि आडनावाला तीन अक्षरे, एवढेच रेशन होते. ‘डॉक’ म्हणजे वर्डच्या घराण्यातले. ‘ईएक्सई’ म्हणजे हात लावताच कामाला लागणारे. कोणाच्या कामाला, ते मागाहून कळते.

आडनाव अनोळखी निघाले, की विंडोज १० एक चौकट पुढे करून विचारते, ‘ही फाइल तुम्हाला कशी उघडायची आहे?’ वाङ्मय म्हणून या वाक्यात खोट नाही. नम्र आहे, शुद्ध आहे, फक्त चुकीच्या माणसाला विचारलेले आहे. अहो, मला ठाऊक असते तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? मी काउंटरवर चेक घेऊन गिऱ्हाइकालाच ‘हा कसा वटवू?’ असे विचारले, तर साहेब मला घरी बसवतील. चौकटीत खाली आणखी एक खूण असते, ‘नेहमी हाच प्रोग्रॅम वापरा’. पहिल्या भेटीतच जन्माची गाठ!

खरे म्हणजे उत्तर बहुतेक वेळा फायलीच्या पोटातच असते. नोटपॅडमध्ये उघडा. सगळा गिचमिड काला दिसेल, पण सुरुवात बघा. ‘पीडीएफ’ दिसले तर प्रश्न मिटला. ‘पीके’ दिसले तर ते झिपचे गाठोडे. १९८९ मध्ये झिप काढणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरे. २००७ पासूनची वर्डची ‘डॉकएक्स’ फाइलसुद्धा आतून हेच गाठोडे आहे. विंडोज मात्र डबल क्लिक केल्यावर फक्त आडनाव बघते. सही न पडताळता चेक पास करणारा कारकून आणखी काय वेगळे करतो?

त्याहून मोठी तक्रार अशी, की ओळखीची आडनावे विंडोज ९५ पासून मुळात झाकूनच ठेवलेली असतात. मे २००० मध्ये जगभर एक प्रेमपत्र फिरले. दिसायला ‘टीएक्सटी’, म्हणजे साधा मजकूर. त्यापुढचे खरे आडनाव ‘व्हीबीएस’ पडद्याआड होते. लोकांनी प्रेमाने उघडले आणि लाखो कॉम्प्युटर आजारी पडले. तरी विंडोज ११ मध्येही पडदा आहेच. ‘व्ह्यू’, मग ‘शो’, मग ‘फाइल नेम एक्स्टेंशन्स’ असे तीन उंबरे ओलांडून तो आपणच काढायचा.

पंचवीस-तीस वर्षे आडनाव न बघण्याची सवय लावल्यावर फोनवर तरी लोक ते का बघतील? आमच्याकडे एक निवृत्त काका पासबुक घेऊन आले. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली होती. नावापुढे ‘एपीके’ असे चक्क छापलेले होते, म्हणजे पत्रिका नव्हेच, फोनमध्ये बसवायचा प्रोग्रॅम. काकांनी उघडली. फोनने विचारलेल्या दोन-तीन प्रश्नांना ‘हो’ म्हटले. आहेर परस्पर खात्यातून गेला.

वधूचे नाव अजून कळलेले नाही.