संवाद कोणाचा कोणाशी?

गेल्या वर्षी एका परदेशी सांस्कृतिक केंद्राच्या परिसंवादाला गेलो होतो. विषय होता ‘संस्कृतींचा संवाद आणि नागरी शिक्षण’. तिघांनी सिद्धांत मांडले. माझी पाळी आली तेव्हा सूत्रसंचालक म्हणाले, ‘सर, तुम्ही तुमचे अनुभव सांगा.’ विचार त्यांचा आणि वेदना आमची! या वाटणीला संवाद म्हणायचे काय?

१९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. डुबॉइस यांचे उत्तरही आले. त्या पत्रव्यवहाराला सभागृह लागले नव्हते. दोन लढणारी माणसे एकमेकांची हत्यारे पाहत होती.

संस्थेच्या रूपात असे काही घडले काय? मला हायलँडर लोकशाळा आठवते. डेन्मार्कमधील लोकशाळा पाहून आलेल्या मायल्स हॉर्टन यांनी १९३२ साली डॉन वेस्ट यांच्यासह टेनेसी राज्यात ती काढली. सुरुवातीची बरीच वर्षे तिचे काम मुख्यतः गोऱ्या कामगारांत होते, हेही नोंदवले पाहिजे. तिचे खरे मोल मला दिसते ते साउथ कॅरोलिनातील जॉन्स बेटावर.

तिथे मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवावा लागे. कृष्णवर्णीयांना दूर ठेवण्याची ही युक्ती. एसॉ जेन्किन्स आपल्या बसमधून शहरात कामाला जाणाऱ्यांना वाटेत घटना समजावून सांगत. ॲलिस वाइन या बाईंनी उतारा पाठ केला. पण त्यांना वाचता यायला हवे होते. मोठ्यांचे वर्ग पूर्वीही झाले होते. पण मोठ्या माणसांना पोरांच्या बाकांवर बसवले, ती आली नाहीत. अपमान शिकवून साक्षरता येत नाही, हे आपल्या प्रौढशिक्षणवाल्यांना कधी उमगले?

जानेवारी १९५७ मध्ये सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत वर्ग सुरू झाला. पुढे दुकान, म्हणजे गोऱ्यांना संशय नको. शिकवणाऱ्या बर्निस रॉबिन्सन केशभूषेचा व्यवसाय करीत. शिक्षकी पेशाचा अनुभव नव्हता. त्यांनी आणलेली मुलांची पुस्तके या मंडळींच्या कामाची नव्हती. मग काय शिकायचे ते त्यांनाच विचारले. सही, मनीऑर्डर, मालाच्या मागणीचा फॉर्म. (माझ्या आईला आजही बँकेचा फॉर्म मी भरून देतो, एम. ए. झालो, पण तिला शिकवायचे मला सुचले नाही.) आणि भिंतीवर रॉबिन्सन यांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला: वर्ग संपेल तेव्हा हे सर्वांना वाचता यावे.

आंतरराष्ट्रीय विचार इथे पाहुणा म्हणून आला नाही, वाचनाचा धडा होऊन आला. सेप्टिमा क्लार्क यांनी पुढे हे वर्ग दक्षिणेत पसरवले. १९५६ साली एन.ए.ए.सी.पी.चे सदस्यत्व सोडायला नकार दिला म्हणून त्यांची शिक्षिकेची नोकरी गेली होती. तरीही हायलँडर म्हटले की आपल्या अभ्यासकांच्या ओठी हॉर्टन यांचेच नाव येते. रॉबिन्सन आणि क्लार्क इथेही ‘अनुभव’ ठरतात, विचारवंत ठरत नाहीत.

१९६१ साली टेनेसी राज्याने शाळेची सनद रद्द करून मालमत्ता जप्त केली. वर्ग मात्र मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे सोपवले गेले आणि चालूच राहिले.

आमच्या परिसंवादातही त्याच जाहीरनाम्याची सुबक पुस्तिका वाटली होती, इंग्रजीत. चहा देणाऱ्या मुलाने ती उलटसुलट पाहिली आणि परत टेबलावर ठेवली.